हातचं राखून

वकीलबाई दार लावून घेतात.
नुसत्या दाराने भागत नाही हे त्यांना
तीन वर्षं झाली तरी आठवत नाही,
मग मीच उठते, पडदा ओढते.
समोर चौथ्या मजल्यावर एक शिंपी बसतो,
त्याला आमची भाषा येत नसेलही.
पण मोंतेविदेओत बहिऱ्यांचं गाव एवढंसं,
कुणाची मेहुणी कुठल्या खिडकीत कपडे वाळत घालत असेल
सांगता येत नाही.
आमच्याकडे भिंतीला कान नसतात,
काचेला डोळे असतात.

काळा स्वेटर घातलाय, नेहमीचाच,
हात उठून दिसावेत म्हणून.
अंगठी काढून पाकिटात. नखांना रंग नाही.
माझं असं काही या खोलीत आणायचं नाही.

आनिबाल हात उचलतो,
आणि मी, बाईमाणूस, त्याच्यासाठी म्हणते,
'मी गेलो होतो तिथे. मला वाटलं, कुणी नाही.'

वरची ओळ खोडली आहे असं समजा.
तेवढंही सांगायला नको होतं.

दोन तास
बाईंचे प्रश्न माझ्या बोटांतून,
त्याची उत्तरं माझ्या घशातून,
जसं नळातून पाणी जावं.
नळाचं काय, कुणी विचारत नाही.
आत ओल राहतेच.

निघताना बाई म्हणतात, इथलं इथेच, हं.
हे त्याला सांगायचं की मला,
कळत नाही, म्हणून दोघांनाही सांगते:
त्याच्याकडे बघून हातांनी,
स्वतःला नुसतंच.

जुलैचा वारा नदीवरून सरळ गल्लीत शिरतो.
जिन्याखाली आनिबाल थांबलेला,
काखेत थर्मास, हातात मातेचं भांडं,
म्हणजे दोन्ही हात अडकलेले.
बरंच झालं.
मान हलवून आम्ही वेगळ्या बाजूंनी गेलो.

घरी ओविदियो.
माझा नवरा जन्मापासून बहिरा,
आणि दर गुरुवारी क्लबात
त्रुकोच्या डावात आनिबालचा जोडीदार.
त्या खेळात भिडूला चोरून खुणा करायच्याच असतात,
भुवई उचलली म्हणजे एक पान,
ओठाचा कोपरा मुडपला म्हणजे दुसरं.
सव्वीस वर्षं दोघं एकमेकांचे चेहरे वाचतायत.

'आज त्याने एकही खूण केली नाही,' ओविदियो सांगतो,
'हातात चांगली पानं असून हरला.'
आणि माझ्याकडे बघत राहतो.

मी कांदा चिरत होते.
सुरी खाली ठेवली नाही.
हातात सुरी असली की बोलता येत नाही,
हे आमच्या घरात लेकीलासुद्धा ठाऊक.
चार कांदे पुरले असते,
नऊ चिरले.

अवघड रात्रीचं असतं.
लेक लहान असताना एकदा म्हणाली होती,
'आई, तू झोपेत बोलतेस.'
हातांनी.
तेव्हापासून मी हात उशीखाली दाबून झोपते,
एका हिवाळ्यात लोकरी मोजे घालून झोपले.
पण झोपेला कुणाची शपथ बांधील नसते.
आणि आमच्या खोलीत रात्रभर
एक बारीक दिवा असतो,
कारण अंधारात आम्ही दोघंही मुके.

सकाळी ओविदियोने माते भरून दिलं.
माझे हात गुंतेपर्यंत थांबला,
मग म्हणाला, 'काल तू बोलत होतीस.'

पोटात गार पडलं.
भांडं टेबलावर ठेवून विचारलं, 'किती?'

'माहीत नाही. दिवा मालवला मी.
खांबाचा उजेड येत होता, पडदाही ओढला.
मग भिंतीकडे तोंड करून झोपलो.
तुझा हात दोनदा पाठीला लागला.
वळलो नाही.'

इतकं सांगून तो पाव कापायला लागला,
हातात सुरी घेऊन,
सावकाश,
लागणार होते त्याहून बरेच तुकडे.

मी नळी ओठांना लावली.
पाणी जरा जास्तच तापलं होतं.