मुख्य अर्जदार

अर्जावर मी मुख्य, आणि भूपाल अवलंबित.
माझं बी.कॉम., माझे इंग्रजीचे साडेसहा बँड;
त्याच्याकडे चोवीस माग चालवलेले हात,
पण हातांसाठी त्या फॉर्मात रकाना नव्हता.

माग भंगारात गेले, किलोवर.
शेडची जागा बिल्डरनं घेतली.
थोरल्या जावेनं पाटल्या काढून दिल्या आणि म्हणाली,
दुसऱ्यांचे कपडे धुवायलाच जायचं होतं
तर इथं काय पंचगंगा आटली होती?

मुलाखतीत व्हिडिओवरच्या बाईनं विचारलं, बर्न्लीच का?
मी लोकसंख्या सांगितली, भाड्याच्या खोल्या किती,
घरात मशीन नसलेली बिऱ्हाडं किती.
हे नाही सांगितलं, की सासऱ्यांच्या सगळ्यांत जुन्या मागाच्या
बिडाच्या बाजूवर एका गावाचं नाव ओतलेलं होतं
आणि त्यावरून बोट फिरवत
भूपाल एबीसीडी शिकला होता.

चौदा वॉशर, सहा ड्रायर, एक लांब बाक.
किल्ल्या देताना मिस्टर क्लेगनं
एकेकट्या पायमोज्यांचा खोकाही दिला.
टाकू नका म्हणाला, लोक परत येतात.

शर्त होती: दोन माणसांना बारा महिने पुरा पगार.
परक्या मुलखात लोक नोकरी मागायला जातात.
आम्ही द्यायला गेलो होतो,
घाबरत, पगाराची एकेक पावती फायलीला लावत.
एक आदिल. दुसरी डोरीन,
एकसष्ट वर्षांची, गुडघे गेलेले, लिपस्टिक मात्र रोज.
पहिला महिनाभर तिचं एक वाक्य मला कळलं नाही.
साडेसहाच्या साडेसहा पाण्यात.
आमच्या इचलकरंजीला मँचेस्टर म्हणतात,
असं मी तिला एकदा कौतुकानं सांगितलं.
तिनं जे विचारलं ते तीनदा ऐकल्यावर उमगलं:
मग तिथंही आता फ्लॅट झाले का?

एका शनिवारी सहाही ड्रायर धडधडत होते,
मी गल्ल्याशी, डोरीन पार मागच्या टोकाला, रजयांच्या ढिगाआड.
तिनं तोंड उघडलं आणि आवाजच काढला नाही.
ओठ ताणून, शब्द चघळल्यासारखा, सावकाश:
चौथ्याचा पट्टा चाललाय.
मीही तसंच, बिनआवाजी: बंद कर, त्याला पाठवते.
तो पट्टा बघायला गेलासुद्धा,
तरी आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या.

ती पंधराव्या वर्षी मागावर लागलेली, कालव्याकाठच्या गिरणीत.
मी लग्नानंतर, कांड्या भरायला.
खडखडाटात कान कामाचे नसतात,
हे कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत.
आता आम्ही गिऱ्हाइकांसमोर
गिऱ्हाइकांबद्दलच बोलतो.

भूपालचं निराळं.
तो ड्रायरच्या जाळीवरचा थर काढतो,
राखाडी, ऊबदार, मांजराच्या पिलाएवढा,
आणि फेकायच्या आधी चिमटीत मळून बघतो
सूत किती, पॉलिस्टर किती.
पॉलिस्टरच बहुतेक.
रात्री त्याला झोप लागत नाही.
आमच्या गल्लीत रात्री वीज जाऊन माग थांबले
की माणसं दचकून उठायची.
इथं तर दर रात्री सगळं थांबलेलंच.

मग तो जिना उतरून दुकानात जातो,
सहा नंबरचा ड्रायर लावतो, रिकामा,
खिशातलं वीस पेन्सचं नाणं टाकून.
किल्ली आहे त्याच्याकडे, फुकट चालतो.
पण नाही.
वर पलंगाची लाकडं जरा थरथरतात,
आठ मिनिटं.

सकाळी मी पेटी उघडते
आणि ते वीस पेन्स विक्रीत लिहिते.
मुदत वाढवताना
उलाढाल बघणार आहेत ते.