दोनशे चाळीस दिवस

पिशवीत एवढंच होतं:
पंचिंग कार्ड, कडा उसवलेलं,
ईएसआयचं कार्ड, त्यावर कुंदाची कुंडा झालेली,
आणि एक फोटो, कंपनीच्या वर्धापनदिनाचा.
त्यात मी तिसऱ्या रांगेत, अर्धीच;
मध्ये खांब आला होता.

हिंगण्याच्या गेटवर वॉचमन म्हणाला होता,
"उद्यापासून येऊ नका बाई. वरून आलंय."
वर म्हणजे कुठं, त्यालाही ठाऊक नव्हतं.
अकरा वर्षं बिस्किटांच्या पुड्यांवर
तारीख छापत होते मी,
कधीपर्यंत चालेल त्याची.
माझी कुणी छापली नव्हती.

मे महिना. तोंडाला ओढणी, पायाखाली वितळता डांबर.
पहिला वकील सदरला, जिन्याखाली.
पाटीवर जमीन, घटस्फोट, चेक बाउन्स, अपघात,
आणि तळाशी मागाहून रंगवलेलं: नोकरी.
"होऊन जाईल," म्हणाला, "आधी पाच हजार."
काय होऊन जाईल, मी विचारलं.
त्यानं कूलरचं तोंड स्वतःकडे वळवलं.

दुसऱ्यानं कंपनीचं नाव ऐकलं
आणि पेनाला टोपण लावलं.
"त्यांच्या केसेस मीच पाहतो."
माठातलं पाणी दिलं. दारापर्यंत आला.
"कशावरही सही करू नका," हळूच म्हणाला,
"आणि हे मी सांगितलं नाही."
त्याची फी अजून माझ्याकडे आहे.

गड्डीगोदामचे ठवरेकाका, मिल बंद पडली तेव्हापासून
तारखा मोजणारे.
"वकील का पाटी पाहून निवडतात बाई?
लेबर कोर्टात जाऊन बस.
कोन उभा राहून बोलते, कोन नुसती तारीख घेते,
ते पाय."

बसले. मागच्या बाकावर, पूर्ण दिवस.
पंखा फिरताना दर फेरीला कुणाला तरी नाही म्हणत होता.
चार जणांनी तारीख घेतली.
पाचवी उभी राहिली, काळ्या कोटावर घामाचं मीठ,
साक्षीदाराला एवढंच विचारलं:
"हजेरीचं रजिस्टर कोणाच्या हातचं?"
आणि कंपनीचा माणूस पाणी मागायला लागला.

गजभिये मॅडम. तक्षशीला.
पैसे नाहीत, हे मी पायरीवरच सांगून टाकलं.
तिनं बोटानं खोली दाखवली, विधी सेवा प्राधिकरणाची.
"बायांना फुकट असते. उत्पन्न नाही विचारत.
माझं नाव मागा. मिळेलच असं नाही."

फॉर्मवर होतं: तक्रार थोडक्यात.
खाली चार ओळी.
मी पहिल्या ओळीत नाव लिहिलं
आणि बराच वेळ काहीच नाही.

मिळाली. नऊ दिवसांनी.
"पगार कोण द्यायचा? ठेकेदार?
काम कोण सांगायचं?
मागच्या बारा महिन्यांत किती दिवस भरले?"
दोनशे चाळीस, तिनं वहीत लिहून गोल केला.
माझ्या बोटांवर दोनशे एकाहत्तर निघाले,
त्यात मुलीच्या काविळीचे सहा दिवस सोडून.

"कंपनी म्हणेल, ही बाई आमची नव्हतीच."
मग फोटो उचलला, ट्यूबलाइटखाली धरला,
इतका वेळ की मला लाज वाटली माझ्या अर्धेपणाची.
"हा खांब पाहिला का तुम्ही कधी?"
खांबावर कंपनीचं नाव होतं, वर्ष होतं,
प्लांट नंबर दोन.
इतकी वर्षं मी त्याच्यावर चिडून होते.

"जिंकू का मॅडम?"
"माहीत नाही. आधी समेटाची तारीख लागेल.
ते येणार नाहीत. तुम्ही या."

घरी आले तर पोरगी बिस्किटं खात बसलेली.
सवयीनं पुडा उलटा केला.
बॅचच्या शेवटी टी-सात. माझं मशीन.
त्यातला पाच जरा डावीकडे झुकलेला,
तो तसाच यायचा, कितीदा सांगितलं होतं त्यांना.

शेवटचं बिस्किट संपू दिलं.
पाकीट पुसलं, घडी घातली,
फोटोच्या मागं सरकवलं.
उद्या मॅडमला विचारते,
हा कागद चालते का म्हणून.