शेवटचा संपर्क

मिरजेत, दवाखान्याच्या तळघरात,
नोंदींच्या खोलीत माझं टेबल.
दर महिन्याच्या दहा तारखेला मी फोन लावत जाते
आणि विचारते, "आहेत का?"

बाकीचं सगळं रकान्यांत आधीच असतं.
गाठ कुठं, किती सेंटिमीटर,
मानेतल्या किती ग्रंथी काढल्या, किती बिघडलेल्या निघाल्या,
कापलेल्या तुकड्याची कड मोकळी होती का,
तंबाखू किती वर्षं.
मिश्रीला वेगळा रकाना नव्हता.
तो मी पेन्सिलीनं आखला,
दिलशाद मुजावर "तंबाखू? या अल्ला, कधीच नाही" म्हणाली त्या दिवशी.
तोंड तिचं एका बोटापुरतंच उघडत होतं.

डॉक्टर म्हणतात, पाचशे झाले की कळेल
कोण कशानं जगलं.

कळेलही.
पण तेहतीसच्या तेहतीस लाईटांना
ऊसतोड अर्धी टाकून
ज्या मेहुण्यानं आणलं-नेलं,
त्याच्या ओम्नीला रकाना नाही.
आवाज बसल्यावरचे सात महिने,
ज्येष्ठमध, खडीसाखर,
"हळदीची धूळ हो, जाईल पाऊसपाण्यात,"
त्या सगळ्याला मिळून एकच शब्द: उशीर.
आणि नळीतून जाणारी नाचणीची पेज
दोनदा गाळायची असते,
एकदा गाळली की अडकते,
हे शालाबाईंनी मला शिकवलं,
रजिस्टरनं नाही.

भूपाल आदगोंडा चौगुले, समडोळी.
सांगलीच्या सौद्यांत हळद पुकारायचे.
स्वरयंत्र काढल्यावर पाटीवर लिहून त्यांनी सांगितलेलं:
आजोबांच्या वेळी भाव रुमालाखाली ठरायचा,
बोटं धरून, मुक्यानं.
आता मी आजोबा.
आणि खांदे हलवत हसले होते.

आज फोन उचलला गेला. कोणी बोलेना.
"शालाबाई? मी मिरजेहून. चौगुले आहेत का?"
मागं विहिरीवरची मोटर. एक कोंबडा.
माझं पेन "संपर्क नाही"वर टेकलेलं.

टक.

नखाचा आवाज, फोनच्या काचेवर.
"काका? तुम्हीच?"
टक.
"तोंडानं जेवताय?"
टक.
"वजन?"
पाच वेळा. थांबले. मग एकदा.
एक्कावन्न! मागच्या खेपेला सेहेचाळीस होतं.
मी एकटीच हसले त्या तळघरात.
"वा! शालाबाईंना द्या जरा फोन,
शाबासकी त्यांची आहे."

मोटर चालू होती.
कोंबडा गप्प झाला होता.

टक टक.

दोनदा म्हणजे काय,
हे आमचं ठरलेलं नव्हतं.

मी लिहिलं: हयात. तारीख घातली.
वजनाच्या पुढं एक्कावन्न.
पेन ठेवलं.
त्यांनी फोन बंद केला नाही.
मीही नाही.
मानेतल्या भोकातून येणारा त्यांचा श्वास
बराच वेळ ऐकू येत राहिला,
मोटरीच्या आवाजात मिसळून.