तिसऱ्या घंटेनंतर

तिसरी घंटा झाली की मी असतो.
थिओफिल साळवे, वय एकतीस,
गुरुवार पेठेतल्या देवळात मेणबत्त्या लावणारा.
क्रूस प्लायवूडचा. बाक गेल्या रविवारी
बालनाट्यात एसटी झाला होता.
गुडघे तेवढे कुणाचे तरी खरे; दुखतात.

पहिल्या अंकात जयवंत आणि मी,
दोघांत एकच गीतपुस्तक.
त्याचा अंगठा चौथ्या कडव्यावर,
माझा पानाच्या कडेला.
दिग्दर्शक म्हणाला, एवढं पुरे.

आईला वाटतं, मी पाळक व्हावं.
मलाही वाटतं. तेच तर सांगता येत नाही:
मला ती भाकर हवीय
आणि ती मोडताना शेजारी तो.

मध्यंतरात लोक वड्याच्या रांगेत.
मी विंगेत, अर्ध्या प्रार्थनेत अडकलेला.
‘प्रभो, तुला तर ठाऊकच आहे’
इथवर येऊन संहितेत तीन टिंबं.
लेखकाला सुचलं नाही, की धजलं नाही, कोण जाणे.

त्या टिंबांपाशी नट रोज थांबतो.
तालमीत दोन श्वास ठरले होते.
काल पाच झाले.
विंगेतून मृण्मयी कुजबुजली, पुढचं, अरे पुढचं...
तिसऱ्या रांगेतलं वेफर्सचं पाकीटही गप्प.
मी आतून ढकललं त्याला:
बोल ना,
तुझं नको, माझं म्हणून बोल.

प्रकाश गेला.
टिळक रोडनं तो घरी कसा गेला,
वाटेत कुठे थांबला, मला माहीत नाही;
पडदा पडला की मी नसतो.
खुंटीवर माझा काळा कोट,
काखेत अजून ओला.