तीनशे मिलिसेकंद

माझी पहिली बार्ज बारा चौकोनांची होती.
नखाएवढा पडदा. चार दाबलं की डावीकडे, सहा दाबलं की उजवीकडे,
आणि दर वळणाला नवं पान मागवायचं,
मागवलं की बॅलन्स कापला जायचा.
आबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"ही बार्ज? ही काड्यापेटी गो."
ते तेव्हा तांडेल. सारमानसच्या धक्क्यावर
माल भरून घ्यायचे, लाल पायांनी घरी यायचे.

मग फ्लॅश.
पाणी हललं, बार्जला सावली फुटली, भोंगासुद्धा.
डिचोलीच्या सायबर कॅफेत पोरं खुर्च्या ओढून मागे बसली.
फोनवर मात्र त्याच जागी
राखाडी चौकोन. प्लगिन नाही.
प्लगिन येणारही नव्हतं.
मला ते कळेपर्यंत खाणी बंद पडल्या,
आबा घरी बसले, मीही
केलेलं सगळं एका फोल्डरात टाकून बसले.

कॅनव्हास आला तो कोराच.
सगळं आपणच काढायचं, पुसायचं, परत काढायचं,
सेकंदाला साठ वेळा.
"म्हणजे आमचं रंगकाम," आबा म्हणाले,
"गंज खरवडा, तांबडा मारा, पुन्हा गंज.
तुझं जरा भराभर, इतकंच."

बोट लावलं त्यांनी. बार्ज वळेना.
ब्राउझर तेव्हा थांबायचा
तीनशे मिलिसेकंद,
दुसऱ्यांदा बोट पडतंय का ते बघायला.
मी माफी मागितल्यासारखं समजावत होते,
आबांचं लक्ष नव्हतं.
"हजार टन भरल्यावर सुकाणू फिरवलं
तर ती ऐकते. पण विचार करून ऐकते.
एवढं एक तुला खरं जमलं."

पुढे तो उशीर गेला. हेडमध्ये एक ओळ, बस.
वेबजीएलनं मांडवीवर ऊन पाडलं,
लाटांचं गणित सी मधलं, वेबअसेम्ब्लीत उतरवलेलं,
रेंज नसली तरी खेळ उघडतो.
पर्वरीच्या ऑफिसात एल्रॉय म्हणाला, लोणी आहे लोणी.

आबांनी दोन वळणं घेतली, फोन परत दिला.
"रिकामी आहे ही."

रात्री बसून मी उशीर परत लिहिला, माझ्या हातानं.
रिकामी असेल तर शून्य.
भरलेली असेल तर तीनशे.
एल्रॉयनं सकाळी बग नोंदवला.
मी तो बंद केला, कारण लिहिलं नाही.

आज फेरीबोटीत आबांना दाखवते आहे.
मधोमध रेंज गेली. खेळ चालू.
काठाला त्यांची जुनी बार्ज बांधलेली आहे, तिच्या डेकवर
पिंपळाचं एवढंसं रोप. ते तिकडे बघत नाहीत.
पडद्यावरही सगळं गप्प: पहिला स्पर्श झाल्याशिवाय
ब्राउझर आवाज करू देत नाही.
आबांचा अंगठा
काचेच्या वर, अजून
टेकलेला नाही.