डावीकडे वळणारी गाडी

कळंबोलीच्या पोलाद बाजारामागं
ट्रेलर उभे राहायचे त्या डांबरी पटांगणात
रविवारी आम्ही चुन्यानं अंडं काढायचो.
मधे जुन्या टायरांची रास, भोवती सुतळी,
सुतळीपाशी मी, गळ्यात स्टॉपवॉच.
आठवडाभर बेलापुरात आवक-जावक,
रविवारी नुसती आवक : गाडी आली, गाडी आली.
फी पन्नास रुपये, चहा धरून.

दिगंबर भोईर यायचा आठशे घेऊन,
मागची सीट घरच्या ओट्यावर काढून ठेवून.
शर्यत झाली की त्याच गाडीतून
आईला डोळे दाखवायला पनवेलला.
तिच्याखाली दुमडलेलं गोणपाट.
"वास येतो रं रबराचा," म्हणायची.

पहिल्यांदा वजन कोणी उतरवलं आठवत नाही.
विल्सननं असेल, तळोज्याच्या लेथवाल्यानं.
दारं गेली. काच गेली.
मग उजवीकडचा टायर डाव्याहून थोराड आला,
कारण अंड्यावर वळायचं एकाच बाजूला.
मग इंजिन वीतभर डावीकडे सरकलं,
मग माणूस सरकला.
दर वेळी सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.
वहीत आकडे उतरत होते :
चौदा चार.
तेरा नऊ.
तेरा सात.
त्या दोन दशांशांना काय पडले
ते मी कधी लिहिलं नाही.
ते विल्सनच्या घरी, कॅलेंडरवर,
दुधाच्या खाड्यांशेजारी.

डॅम्पर म्हणे इटलीहून आले,
न्हावा-शेव्यात अडकले,
सोडवायला पुन्हा तेवढेच लागले.
घणसोलीचा गाळा गेला.
टायरांचा जोड आता एका रविवारी संपतो,
आणि त्याला ऊब लागते, बाळंतिणीसारखी.
फी विचारू नका.

गेल्या रविवारी तीन गाड्या आल्या,
तिन्ही दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून.
एकीचं काहीतरी बिनसलं. उरल्या दोन.
पहिला आला, दुसरा आला,
तिसऱ्याचा कप मी पिशवीतच ठेवला.
निघताना फाटकापाशी दहा फूट
उजवीकडे वळायचं होतं.
विल्सनची गाडी वळेना.
चौघांनी नाक धरून फिरवली,
जिन्यातून लग्नाचं कपाट फिरवतात तशी.
कोणी हसलं नाही. मी हसले,
मग उगाच वही चाळत बसले.

सगळे गेल्यावर दिगंबर राहिला.
तीच आठशे, मागची सीट परत बसवलेली,
आता त्या सीटवर कोणी बसत नाही.
"लाव घड्याळ," म्हणाला.
चुना अर्धा पुसला होता.
तीन फेऱ्या मारल्या त्यानं, दारासकट,
काचेसकट, डिकीतल्या छत्रीसकट.
सतरा पूर्णांक दोन.
आकडा मी वहीत घेतला नाही, त्याला सांगितला.
"बरंय की," म्हणाला.

मग फाटकापाशी थांबला,
रस्ता दोन्हीकडे मोकळा होता तरी
उजवा इंडिकेटर दिला
आणि वळला.