वाऱ्याची बाजू

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला, दवाखान्याच्या मागच्या खोलीत.
येताना एक उशी आणा आणि एक माणूस.
चिठ्ठीवर एवढंच होतं.

उशी माझ्याकडे होती.

पुन्ता अरेनासला नोव्हेंबरात वारा असा सुटतो
की कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधून ठेवतात,
माणसांना धरायला.
लहानपणी मी त्यांना लोंबकळायचे.
आता सातवा लागलेला, काखेत उशी
आणि उशीला शीड व्हायची घाई.

तो जूनमध्ये उत्तरेला गेला, तांब्याच्या खाणीवर.
पहिल्या महिन्यात पैसे आले,
दुसऱ्यात फोन,
तिसऱ्यात उरला नुसता नंबर.
आई कास्त्रोहून विचारते, "येणार आहे ना गं तो?"
मी म्हणते, आवाज तुटतोय.

खेकड्यांच्या कारखान्यात नोल्फा
माझ्या पुढ्यातली जड क्रेट पायाने ओढून घेते
आणि वर मलाच शिव्या देते: वाटेत कडमडतेस.
डोहाळे म्हणाल तर खारट बर्फाचे.
ती सुपरवायझरकडे पाठ करून रुंद उभी राहते,
मी तेवढ्यात एक खडा चोखून घेते.
तिला विचारणार होते, बुधवारी येशील का.
तिची रात्रपाळी.
विचारलं नाही.

दोराच्या मध्यावर हात सुटला.
म्हणजे सुटलाच असता,
पण मागून कुणीतरी
माझ्या आणि वाऱ्याच्या मधे येऊन उभं राहिलं.
एलेउतेरिओ, गेटवरचे म्हातारे रखवालदार.
सहा वर्षांत आमचं बोलणं 'शुभ रात्री'च्या पुढे गेलं नव्हतं.
आत्ताही ते काही बोलले नाहीत.
टोपी दातांत धरलेली, बोलणार कसे.

दवाखान्याच्या दारात टोपी हातात आली.
"इकडे कुठे?"
सांगितलं. उशी आणि माणूस.
त्यांनी बराच वेळ उशीकडे पाहिलं.
"चाळीस वर्षं मेंढ्यांची बाळंतपणं केली मी.
बाईमाणसाचं काही कळत नाही."
आणि माझ्याआधी आत गेले.

निळ्या बुटक्या खुर्चीवर
गुडघे हनुवटीला लावून बसले.
ओयार्सून सुईणबाई म्हणाल्या, हिचे श्वास मोजा.
ते मोजू लागले मोठ्यांदा,
फाटकातून कळप आत घ्यावा तसे,
चारला थांबायचं तर अठरापर्यंत गेले.
जोड्या हसल्या. मीही हसले.
श्वास चुकला, पोटात एक लाथ बसली.

मग रजिस्टर आलं.
"नातं?"
मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी भिंतीकडे.
भिंतीवर गर्भाशयाचं चित्र,
म्हणून घाईने पुन्हा टोपीकडे.
"वाऱ्याच्या बाजूचा," म्हणाले.
बाईंचं पेन जरा अडलं.
मग त्यांनी तसंच लिहिलं.

परतताना वारा पाठीशी होता, दोर लागला नाही.
ते मात्र सवयीने धरून चालले.

पुढच्या बुधवारी त्यांची गेटवर ड्यूटी.
उद्या नोल्फाला विचारेन.
आधी शिव्या घालेल ती.